माझ्याकडं चालतंय की

आमच्या कारखान्यातला सर्व्हर जिन्याखाली आहे. आधी तिथं झाडू, रिकामे ऑईलचे डबे आणि दिवाळीच्या माळांचं खोकं असायचं, मग एक काचेचं दार बसवलं, एसी लावला आणि त्याला सगळे सर्व्हर रूम म्हणायला लागले. खंडेनवमीला लेथ, ड्रिल, सीएनसी सगळ्यांबरोबर त्याचीही पूजा होते. एका वर्षी झेंडूच्या पाकळ्या पुढच्या जाळीतून आत ओढल्या गेल्या आणि पंखा असा आवाज करायला लागला की वडगावातले माझ्या शेजारचे पॉवरलूम बरे. तेव्हापासून हळदीकुंकू दाराला लावायचं, मशिनला नाही, असा नियम मीच केलाय. माझे कारखान्यात चालणारे नियम एवढेच.

मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. कारखाना म्हणजे लई मोठा नाही, कास्टिंग बाहेरून येतात, आमच्याकडं मशिनिंग होतं, हायड्रॉलिकच्या वाल्व बॉडी वगैरे. ऑफिसात सव्वीस-सत्तावीस माणसं. प्रत्येकाच्या टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो तो नुसता नावाला, जुनेपुराणे डबे आहेत, खरं काम सगळं त्या जिन्याखालच्या एका सर्व्हरवर चालतं. सकाळी आलं की प्रत्येकजण रिमोट डेस्कटॉपवरून त्याच एका सर्व्हरवर लॉगिन करतो, तिथलंच एक्सेल, तिथलंच टॅली, तिथलंच आउटलुक. मशिन एक, पण लॉगिन केल्यावर ज्याचा त्याचा डेस्कटॉप वेगळा, वॉलपेपर वेगळा, कुणाचा विठ्ठल, कुणाचा बसवण्णा, अकाउंट्सच्या मॅडमचा नातू. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण मी ती विसरलो होतो आणि पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

आता त्या आउटलुकमध्ये वरच्या पट्टीत एक बटन आहे. जॉबला जोडा, असं आम्ही म्हणतो, इंग्रजीत काहीतरी वेगळं लिहिलंय. पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून मेल आली, तिला ड्रॉइंग जोडलेलं आहे, तर ते बटन दाबायचं, जॉब नंबर टाकायचा, मेल आणि ड्रॉइंग दोन्ही त्या जॉबच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि खाली शॉपमध्ये, म्हणजे मशिनांकडं, नवीन रिव्हिजन दिसतं. एवढंच. हे बटन आउटलुकचं स्वतःचं नव्हे, बाहेरून बसवलेलं, त्याला ॲड-इन म्हणतात. आउटलुक सुरू होताना अशा बाहेरच्या पाहुण्यांना एकेकाला आत घेतं, आणि एखादा दारातच धडपडला तर त्याला बाहेर ठेवून दार लावून घेतं. बटन गायब होतं. मेल तशीच येते, वाचता येते, त्यामुळं काही बिघडलंय असं कुणाला पटकन कळतपण नाही.

आमचा जुना सर्व्हर २०११ सालचा. त्यावरच्या विंडोज सर्व्हर २००८ आर-टूचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. आमच्या रिवाजाप्रमाणं आम्ही तो २०२१ च्या उन्हाळ्यात बदलला, म्हणजे मालक म्हणाले चालतंय की अजून, आणि मग एका रात्री चालायचं बंद झालं. हुबळीहून नवीन मशिन आलं, मी दोन रविवार बसून सगळ्यांची प्रोफाइलं जुन्यावरून नव्यावर आणली. प्रोफाइल म्हणजे ज्याचा त्याचा संसार: डेस्कटॉपवरच्या फायली, सह्या, सेटिंग, सगळं. एकाचंपण काही हरवलं नाही म्हणून मालकांनी माझ्या हातावर कुंद्याचा डबा ठेवला. अर्धा किलोचा. तो मी आनंदानं खाल्ला, आणि आता वाटतं की जरा लवकरच खाल्ला.

पहिला घोळ पहिल्याच सोमवारी. ॲड-इन मी माझ्या लॉगिनमधून बसवला होता, नेहमी घरच्या कॉम्प्युटरवर बसवतो तसा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. त्याच्याआधी सेटअपच बत्तीस बिटचा निघालेला, आमचं नवीन ऑफिस चौसष्ट बिटचं, दोघांचं काही जमेना, तो बदलून मागवण्यात दोन दिवस गेलेले. बसला एकदाचा. माझ्या आउटलुकमध्ये बटन दिसलं, मी खूष. साडेनऊला फोन सुरू. डिस्पॅचमधला पोरगा बैलहोंगलकडचा आहे, त्याचा पहिला. "सर, बटन बरवल्तु री." म्हणजे बटन येत नाही. मी माझ्या स्क्रीनवर बघितलं, बटन होतं, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "अरे, माझ्याकडं चालतंय की."

कॉम्प्युटरच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे शिवी आहे. समोरचा सांगतोय माझं दुखतंय, आणि आपण म्हणतोय मला तर काही होत नाही बुवा. पण ते तोंडातून जातंच.

तेव्हाचं कारण सोपं होतं. अनेकजण वापरतात अशा सर्व्हरवर काही बसवायचं असेल तर आधी त्याला इन्स्टॉल मोडमध्ये टाकायला लागतं, चेंज युजर इन्स्टॉल अशी एक कमांड आहे, बसवून झालं की चेंज युजर एक्झिक्यूट करून परत यायचं. आणि सेटअपमध्ये विचारतात की फक्त तुमच्यासाठी का सगळ्यांसाठी. मी माझ्यापुरतं बसवलं होतं. ॲड-इनची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, दोन ठिकाणी होऊ शकते, एक ज्याच्या त्याच्या नावावर, एक अख्ख्या मशिनच्या नावावर. सातबाऱ्यासारखंच. माझी नोंद माझ्या उताऱ्यावर पडलेली, बाकीच्यांना कुठनं दिसणार. काढून परत बसवला, सगळ्यांसाठी, आणि दुपारी चहाच्या आधी सगळ्यांची बटनं आली.

आणि शनिवारी दहा-बारा जणांची गेली.

सगळ्यांची नाही हं. दहा-बारा जणांची. स्टोअर आणि प्लॅनिंग दोन्ही बघणारे अण्णा, अकाउंट्सच्या मॅडम, परचेसचे दोघं, मालकांचे मेव्हणे, अशी जुनी मंडळी. नव्यानं लागलेल्या पोरांची बटनं जागच्या जागी. मी फाईलमधनं ऑप्शन्स, तिथनं ॲड-इन्स, तिथं टिक करून दिली, बटन आलं. सोमवार, मंगळवार, बुधवार सगळं बरं. पुढच्या शनिवारी परत फोन.

मग मी जे केलं ते कुठलाही शहाणा माणूस करतो तेच. मी ठरवलं की ह्या लोकांना कॉम्प्युटर जमत नाही. पोरांना जमतंय, ह्यांना जमत नाही, म्हणजे ह्यांचा हात कुठंतरी लागतोय. कुठलीतरी पट्टी दिसली की वाचता बंद करायची सवय असते, काहीतरी दाबतात आणि बटन घालवतात. ॲड-इन देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टवाल्या पोरीनं पण फोनवर हेच सांगितलं, युजर एरर असेल सर, रीइन्स्टॉल करून बघा. मी तीनदा रीइन्स्टॉल केलं. दर वेळी रात्री, सगळे गेल्यावर, माझ्या लॉगिनमधून तपासून. दर वेळी माझ्याकडं चालत होतं.

परचेसच्या दोघांना मी नेहमी चालू ठेवा अशी सोय असते ती दाबून दिली. त्यांचं बटन जायचं थांबलं. पण दोघं सांगायला लागले की सकाळी आउटलुक उघडायला वेळ लागतोय, बघ जरा. मी म्हटलं एकाच वेळी सगळे उघडताय, रेल्वेच्या तिसऱ्या गेटावर फाटक पडल्यावर कशी गर्दी व्हायची, तसं आहे. त्यांना पटलं. मलापण पटलं, हेच वाईट झालं.

जुलैत एक लॉट गेला. चाळीस वाल्व बॉडी. गिऱ्हाइकानं पोर्टचं थ्रेड बदलून नवीन रिव्हिजन पाठवलेलं, मेल शनिवारी आली, अण्णांच्या आउटलुकमध्ये बटन नव्हतं, अण्णांनी मेल वाचली, मला फोन केला, मी खानापूरला एका लग्नात होतो आणि म्हटलं सोमवारी बघतो. सोमवारी पाऊस, उशीर, विसरलो. शॉपमध्ये जुनंच ड्रॉइंग दिसत राहिलं आणि चाळीस पीस जुन्या थ्रेडनं टॅप झाले. थ्रेड एकदा मारलं की परत येत नाही. ते पीस कोपऱ्यातल्या स्क्रॅपच्या ट्रॉलीत नीट रचून ठेवले होते, ऑईल लावलेले, चकचकीत, बघितलं तर कुणी म्हणणार नाही ह्यात काही चुकलंय.

केबिनमध्ये बोलावणं आलं. मी म्हणालो, अण्णांच्याकडून बटन बंद होतंय सारखं. हे मी म्हणालो, अण्णांच्या समोर. अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जरा स्टोअरला ये की."

अण्णांच्याकडं लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे, तसली त्यांच्याकडं तीस वर्षांची रजिस्टरं आहेत. गेटवर आलेलं प्रत्येक खोकं, प्रत्येक ड्रिल बिट, तारीख, वेळ, आणणाऱ्याची सही. ते त्यांनी मागच्या पानावरनं उघडलं. तिथं त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारून माझा हिशेब ठेवला होता. बटन हाय, बटन हाय, बटन हाय, बटन हाय, बटन हाय, नाही. मग माझं नाव आणि पुढं टिक. परत पाच वेळा हाय, मग नाही. अडीच महिन्यांचं पान. आणि जिथं जिथं नाही होतं तिथं तिथं त्यांनी त्या पिवळ्या पट्टीवरचं इंग्रजी एकेक अक्षर बघून उतरवून घेतलं होतं, मोठ्या अक्षरात, एल उलटा पडलेला, पण स्लो हा शब्द मला लांबूनपण वाचता आला.

"हे मी पट्टी बंद करायच्या आधी लिहून घेतोय," अण्णा म्हणाले. "तू इचारशील म्हणून. तू इचारलाच नाहीस."

मी तिथंच कटिंग इन्सर्टच्या खोक्यावर बसलो.

पाच. ते पाच बघितल्यावर मला आठवलं की २०१३ पासूनचं आउटलुक ॲड-इनवर घड्याळ लावून बसतं. सुरू होताना कुठल्या पाहुण्यानं किती वेळ घेतला ते मोजतं, आणि सलग पाच वेळांच्या मोजणीत मधला आकडा १००० मिलिसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या, वर गेला की त्याला बंद करून टाकतं. कुणाला न विचारता, एक पिवळी पट्टी दाखवून. आणि आमच्याकडं रात्री दहाला सगळ्यांची सेशन्स बंद होतात, मीच लावलंय तसं, म्हणजे आउटलुक दिवसातनं एकदाच सुरू होतं. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, पाच मोजण्या. शनिवारी शिक्षा. मी शनिवारी टिक करून सुटका करायचो आणि सोमवारपासनं परत मोजणी सुरू. बेळगावात शनिवार खूट नावाचा चौक आहे, पण एवढा इमानी शनिवार मी दुसरा बघितला नाही.

म्हणजे अण्णा काही दाबत नव्हते. अण्णांच्या इथं ते हळूच उघडत होतं. पण सर्व्हर तोच, ॲड-इन तोच, मग पोरांच्या इथं झटकन आणि अण्णांच्या इथं हळू का?

दुसऱ्या दिवशी मी सकाळी पावणेनऊला जाऊन अण्णांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. मी कायम रात्री तपासत होतो, माझ्या नावानं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीत, आउटलुक दर वेळी सुरू झालं की ४५ नंबरची एक नोंद टाकतं, त्यात प्रत्येक ॲड-इनचं नाव आणि त्याला किती मिलिसेकंद लागले ते असतं. मला ती नोंद माहीत होती. मी ती माझ्या नावाची बघितली होती. आता अण्णांची बघितली, दोन हजारांच्या वर. मॅडमची, तशीच. नवीन पोरीची, दोनशेच्या आत.

मग प्रोसेस मॉनिटर लावला. हे फुकट मिळतं, सिसइंटर्नल्सचं, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल ह्या दोघांनी सुरू केलेल्या टूलांमधलं. कुठला प्रोग्राम कुठल्या फाईलला हात लावतोय त्याची प्रत्येक क्षणाची नोंद. काही सेकंदांत हजारो ओळी धावतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्कर येते. फक्त आउटलुक आणि फक्त अण्णांचं सेशन एवढंच गाळून घेतलं आणि अण्णांना म्हटलं, उघडा आता. ओळी धावल्या, मग थांबल्या. अख्खी दोन सेकंदं यादी गप्प. मग एक ओळ आली, निकालाच्या रकान्यात बॅड नेटवर्क पाथ, आणि पाथच्या रकान्यात आमच्या जुन्या सर्व्हरचं नाव.

आता ह्या नावाचं सांगायला पाहिजे. जुना सर्व्हर २०११ चा, तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरांत गावाचं जुनं स्पेलिंग देऊन ठेवलेलं, बेलगाम आणि पुढं ०१. नंतर १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली, बंगळूरचं बंगळुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, म्हैसूरचं मैसुरू, आणि आमच्या गावाचं बेळगावी. त्या नावावरनं आणि त्या तारखेवरनं आमच्याकडं काय काय होतं ते मी इथं काढत नाही, १ नोव्हेंबरला इथं राहून बघा. घरात आम्ही बेळगावच म्हणतो, आधीपण तेच म्हणत होतो, बेलगाम काय आमचं नव्हतंच. सर्व्हरचं नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नवीन मशिन आलं ते हुबळीच्या माणसानं नवीन नावानं सेट करून पाठवलं, बेलगावी आणि पुढं ०१.

आणि मी कुंद्याच्या डब्याच्या लायकीचं काम केलं होतं ना, एकाचंपण काही हरवू दिलं नव्हतं. प्रत्येक जुन्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये ह्या ॲड-इनची एक छोटी सेटिंगची फाईल होती, त्यात जॉबच्या फोल्डरचा पत्ता, जुन्या सर्व्हरच्या नावानं. ती मी इमानानं उचलून नव्यावर आणली. ॲड-इन रोज सकाळी उठून आधी जुन्या नावाला हाक मारायचा. डीएनएसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, ते नाव नाही, मग शेजारीपाजारी आरडाओरडा, बेलगाम आहे का, बेलगाम आहे का, कुणी ओ देत नाही, दोन सेकंदं गेल्यावर मग गुपचूप नवीन पत्ता घ्यायचा आणि काम सुरू. नवीन पोरांकडं जुनी फाईलच नव्हती. माझ्याकडंपण नव्हती, कारण माझी प्रोफाइल मी हौसेनं कोरी घेतली होती.

जी माणसं कारखान्यात जास्त वर्षं होती तेवढीच अडकत होती, आणि मी म्हणत होतो त्यांना जमत नाही.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. खरं तर दुसरा सोपा मार्ग होता, डीएनएसमध्ये जुन्या नावाची एक ओळ घालायची आणि नव्या सर्व्हरकडं बोट दाखवायचं, म्हणजे जुन्या नावानं हाक मारली तरी नवीनच ओ देईल. माझा हात तिकडं गेला होता. पण मग ते नाव आणखी दहा वर्षं तसंच चालू राहिलं असतं आणि माझ्या जागेवर जो कोण येईल त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येकाच्या फाईलीत जुन्याच्या जागी नवीन. बंद पडलेल्यांच्या यादीतनं सगळ्यांची नावं काढली. परचेसच्या दोघांचं नेहमी चालू ठेवा काढून टाकलं, आणि त्यांच्यापुढं जाऊन सांगितलं की ती गर्दीची गोष्ट मी ठोकून दिली होती.

केबिनमध्ये परत गेलो. ह्या वेळी मीच गेलो. चूक माझी होती, अण्णांची नव्हती, असं म्हणालो. मालक म्हणाले बरं बरं, आणि फोन घेतला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लई कमी वेळ लागला आणि अण्णा तिथं नव्हतेच, म्हणजे ज्यांच्या समोर म्हणालो होतो त्यांच्या समोर ते परत घेताच आलं नाही. ते मला अजून खातंय.

अण्णांना मात्र जाऊन सांगितलं, सगळं, जुन्या नावाचंपण. ते तोंडातली सुपारी एका गालातनं दुसऱ्या गालात घेऊन ऐकत होते.

"म्हणजे ते रोज सकाळी बेलगामला हाक मारालतं म्हण की."

"होय की."

"आणि तू ते नाव पुसलास."

"पुसलो."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि मग जरा थांबून, "माझ्या फाईलीत तरी ऱ्हाऊ द्यायचास. मी कुठं गडबडीत हाय."

पुढच्या शनिवारी मी फोनची वाट न बघता साडेनऊला स्टोअरमध्ये गेलो. अण्णांचं आउटलुक उघडलेलं होतं, बटन होतं. त्यांनी रजिस्टरचं मागचं पान काढलं, तारीख घातली, पुढं बटन हाय असं लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली, आणि मग रजिस्टर पुढनं उघडून सकाळी आलेले ड्रिल मोजायला घेतले.